गोळी

पाकाची गोळी बघायला थर्मामीटर लागत नाही.
आधी हात गार पाण्यात, मग काहिलीत, मग परत पाण्यात,
आणि बोटांत फिरवायचं जे आलं असेल ते.
फिसकटलं, तर अजून जाळ.
दाताखाली टणक वाजलं, तर गेलं पुढं.
मधली जी येते तिला म्हणायचं, बसली.
छत्तीस हंगाम वडणग्याच्या गुऱ्हाळात मी ती बसवली.
बोटांना काही कळत नव्हतं
म्हणून बोटांना सगळं कळत होतं.

दसऱ्याच्या आत मगदूम मॅडमनी दुसरी गोळी दिली.
पिवळट, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा बारीक.
प्रेशर एकशेसत्तरावर, कानात घाणा फिरायचा.
महिन्यात घाणा थांबला. खरं सांगतो, झोप लागाय लागली.

मग एका सकाळी सदऱ्याची कॉलर चावली.
उलटी करून बघितली, मुंगी नाही.
सायकलवरून निघालो, शिवाजी पुलावर ऊन हातावर आलं
मळी उतू यावी तसं.

शालन म्हणाली, उसाचं पान लागलं असेल.
तिनं खोबरेल चोळलं. तेलसुद्धा खरबरीत असतं
हे मला त्या दिवशी कळलं.
रात्री वाकळ घेतली तर टाका न् टाका मोजता यायचा,
पाठीवर, अंधारात.
सासूनं शिवलेली वाकळ, सगळे टाके बारीक,
एका कोपऱ्यात तेवढे लांब लांब, घाईत घातलेले.
घाई कशाची होती?
आता विचारणार कुणाला.

काहिलीजवळ गेलो. वाफ तोंडावर आली
आणि मी, हिंदुराव, चार पावलं मागं.
चुलवाणात चिपाड सारणारं पोरगं हसलं नाही.
हसलं असतं तर बरं झालं असतं.
हात पाण्यात घातला, काहिलीवर नेला,
तिथंच थांबला, बैल अडावा तसा.
मग वासावर गेलो. बुडबुड्यांच्या आवाजावर.
"उतरवा" म्हणालो. जरा लवकर म्हणालो.
फडक्यातून सोडवतानाच रवे मऊ लागले.
मार्केट यार्डात अडत्यानं अंगठा दाबला,
अंगठा आत गेला.
त्यानं चिठ्ठीवर भाव लिहिला आणि चिठ्ठी पालथी ठेवली.

मॅडम म्हणाल्या, गोळीमुळं असू शकतं.
नसूही शकतं. काहींना होतं.
मग सोडू?
त्यांनी चष्मा काढला. आपल्या मनानं सोडायची नाही.
बदलून देते. थोडे दिवस धीर धरा, उन्हात बाह्या खाली.
असू शकतं, नसूही शकतं.
पाकाला असं म्हणून चालत नाही.

त्या थोड्या दिवसांतली एक रात्र.
शालननं तांब्या दिला, बोटं बोटांना लागली.
तिच्या तर्जनीवर आडवी भेग, विळ्याची असावी,
अंगठ्याच्या बुडाला तव्यानं भाजून भाजून झालेला घट्टा,
आणि घट्ट्याच्या कडेला
अजून मऊ राहिलेली डाळीएवढी जागा.
एकोणतीस वर्षं हा हात धरलाय,
म्हणजे धरलाय असं वाटत होतं.
"हे कधी लागलं?"
"धाकटीच्या वेळी," म्हणाली. "तुम्ही काहिलीवर होता."
धाकटी आता बावीसची.

नवी गोळी पांढरी आहे.
तीन आठवड्यांत कॉलर गप्प झाली, वाकळ नुसती वाकळ.
प्रेशर एकशेअडतीस.
परवा हात घातला. पाणी, काहील, पाणी.
बसली. पोरगं हसलं.

रात्री तांब्या घेताना
मी बोटं जरा जास्त वेळ ठेवली.
जागा माहीत होती,
तरी भेग लागली नाही.
शालन म्हणाली, "पाणी सांडतंय."